धूर कोणाच्या खात्यावर?

डिझेलची गाडी म्हटली की धूर असायचाच, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पाऊस आला की चिखल, लग्न आले की रुसवेफुगवे, तसा चढ आला की ट्रकचा धूर. कुंभार्ली घाटात पुढे भरलेला जुना ट्रक लागला की मागच्या मोटारीतली मंडळी निमूटपणे काचा वर घेतात, दुचाकीवाला तोंडाला रुमाल बांधतो आणि एसटीच्या खिडकीतली बाई पोराच्या नाकावर पदर धरते. कोणी फारसे चिडत नाही. चिडायचे कोणावर? डिझेल आहे, धूर निघणारच!

ही समजूत खरी नाही. नीट राखलेले डिझेल इंजिन, मग ते पंचवीस वर्षांपूर्वीचे का असेना, ठरवून दिलेले ओझे घेऊन चालताना असा काळाकुट्ट लोट सोडत नाही. फार तर पुसट करडी रेघ दिसेल. लोट निघतो तेव्हा कुठेतरी एखादे काम टाळलेले असते, एखादा स्क्रू फिरवलेला असतो, किंवा ओझे जास्त चढवलेले असते. या तिन्ही गोष्टी माणसाने केलेल्या असतात, आणि त्यांमागचे कारण बहुधा पैशाचे असते.

मी अभियंता नाही. तीस-पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण नोकरीतली बरीच वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या शाखांत गेली आणि तिथे ट्रक-टेम्पोची कर्जे हा रोजचा विषय होता. ‘लहान रस्ता वाहतूकदार’ नावाचा एक वर्गच त्या काळी अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जांत असे. या वर्गातल्या माणसांशी बोलता बोलता, त्यांच्या गाड्यांची तपासणी करता करता आणि पंपाच्या मिस्त्रींच्या टपऱ्यांवर चहा पिता पिता इंजिनाबद्दल बरेच ऐकायला मिळाले. धूर समजून घ्यायचा तर इंजिनाच्या जोडीला हिशेबाची वहीही उघडावी लागते, हे त्यातूनच कळले.

स्टोव्ह आणि कंदील

आधी इंजिन उघडू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यातली कल्पना अशी की ठिणगी द्यायचीच नाही. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती पंधरा-वीस पट दाबायची. दाबल्याने हवा पाचशे-सातशे अंशांपर्यंत तापते. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. तो आपोआप पेट घेतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन बहुतेक वेळा आधीच मिसळून आत जातात. डिझेलला मात्र ज्या क्षणी आत शिरायचे त्याच क्षणी हवेत मिसळायचे आणि जळायचेही असते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर या सगळ्या कामाला सेकंदाचा दोनशेवा भाग, एवढाच वेळ मिळतो.

एक लिटर डिझेल पुरते जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात धूर न होता जाळायचे तर त्याहून बरीच जास्त द्यावी लागते, कारण एवढ्या घाईत प्रत्येक थेंबाला त्याच्या वाटणीची हवा सापडतेच असे नाही. ज्या थेंबाला ती सापडत नाही, त्याच्यातला हायड्रोजन जळून जातो आणि कार्बन मागे राहतो. तीच काजळी. काळा धूर म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, हवा न मिळालेले डिझेल.

आपल्या पिढीला हे सांगायला प्रयोगशाळा नको. पंपाचा स्टोव्ह आठवा. भोक चोंदले की निळी ज्योत पिवळी व्हायची, भांड्याचे बूड काळे व्हायचे आणि आई म्हणायची, ‘‘पिन मार रे जरा.’’ किंवा कंदील आठवा. वात प्रमाणाबाहेर वर केली की उजेड वाढायचा नाही, काच मात्र काळी व्हायची. डिझेल इंजिनातला नोझल म्हणजे स्टोव्हचे ते भोक आणि डिझेल पंपावरचा स्क्रू म्हणजे कंदिलाची वात. धुराची निम्मी विद्या यातच आली.

रंगही नीट पाहायला हवा. निळसर धूर असेल तर इंजिनातले ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्वकडे पाहावे. पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ, नाहीतर पाणी आत शिरले आहे. थंडीत सकाळी गाडी सुरू करताना तो दोन मिनिटे दिसला तर चिंता नको. काळा धूर मात्र एकच सांगतो : हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले आहे, किंवा डिझेल नीट फवारले गेलेले नाही.

मिस्त्रीच्या टपरीवर

कारणांची यादी फार मोठी नाही. पहिले कारण एअर फिल्टर. आपल्या रस्त्यांवरची धूळ, त्यात ऊसवाहतूक, खडी क्रशर, मातीचे कच्चे रस्ते. फिल्टर चोंदायला वेळ लागत नाही. इंजिनाचे नाक दाबले गेले की धूर निघणार. हा भाग सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. टर्बो असलेल्या गाडीत हवेच्या रबरी नळीला चीर गेली किंवा क्लिप सैल झाली, तरी परिणाम तोच. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटते.

दुसरे कारण नोझल. जुन्या इंजिनांत नोझल साधारण २०० बार दाबाला उघडतो. मोटारीच्या टायरमधली हवा दोन-अडीच बारची असते, त्यावरून या दाबाची कल्पना यावी. वापराने स्प्रिंग ढिली पडते, भोके झिजतात, मग धुक्यासारखा फवारा उडण्याऐवजी पिचकारी उडते, नाहीतर थेंब ठिबकतो. टपरीवर हाताच्या पंपाने नोझल तपासण्याचे साधे यंत्र असते. फवारा डोळ्यांना दिसतो, दाब काट्यावर दिसतो. अर्ध्या तासाचे काम असते.

तिसरे कारण टायमिंग आणि टॅपेट. डिझेल उशिरा आत गेले तर जळायला वेळ पुरत नाही. व्हॉल्व वेळेवर उघडले-मिटले नाहीत तर हवा पुरेशी भरत नाही. चौथे कारण म्हातारपण : रिंगा आणि बोअर झिजून कॉम्प्रेशन उतरलेले. इथे मात्र इंजिन उघडण्याला पर्याय नसतो.

म्हणून धूर दिसला की तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. आधी फिल्टर आणि हवेच्या नळ्या, मग टॅपेट आणि टायमिंग, मग नोझल, मग पंप काढून कॅलिब्रेशनच्या बेंचवर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. पुष्कळ ठिकाणी याच्या उलटे घडते. कोणीतरी डिझेलमध्ये ओतायची औषधाची बाटली सुचवतो, आणि महिनाभर बाटल्या ओतून झाल्यावर शेवटी फिल्टर उघडला जातो.

पाचवे कारण मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते बिघाडात मोडत नाही. पंपावर एक स्क्रू असतो. एका वेळी जास्तीत जास्त किती डिझेल आत जावे हे तो ठरवतो. कारखान्यातून गाडी येते तेव्हा त्याला सील असते. ते तोडून स्क्रू फिरवला की डिझेल वाढते. जोवर जास्तीची हवा शिल्लक आहे तोवर थोडी ताकदही वाढते, आणि त्यापुढे वाढतो तो नुसता धूर.

एका ट्रकमालकाला मी एकदा म्हणालो, ‘‘तुमची गाडी धूर फार टाकते हो.’’

‘‘धूर टाकते म्हणूनच तर चढते, साहेब,’’ तो हसून म्हणाला. ‘‘बिनधुराची गाडी घाटात दम सोडते.’’

पंपाच्या मिस्त्रीचे म्हणणे वेगळे होते. ‘‘आम्ही कुठं मनानं करतोय, साहेब? गिऱ्हाईकच म्हणतं, थोडं डिझेल वाढव. मी नाही म्हटलं तर पलीकडचा करून देतो. मग माझ्याकडं कोण येणार?’’

या दोघांत वाईट माणूस कोणीच नव्हता. कादंबरीकाराला असे प्रसंग अवघड जातात, कारण खलनायक सापडत नाही. तो सापडतो हिशेबात.

जाणे बाजूचा एक रकाना

ट्रकच्या कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही एक कागद मांडत असू. येणे बाजूला महिन्याच्या खेपा गुणिले भाडे. जाणे बाजूला डिझेल, टायर, ड्रायव्हर-किन्नरचा पगार आणि भत्ता, विमा, कर, टोल, देखभाल आणि शेवटी बँकेचा हप्ता. कागदावर हिशेब जुळतो. रस्त्यावर तो जुळेनासा होतो, तेव्हा मालक कोणता रकाना आखडता घेणार? डिझेल घातल्याशिवाय चाक हलत नाही. टायर फुटला तर बदलावाच लागतो. ड्रायव्हरला पैसे दिले नाहीत तर तो दुसऱ्या गाडीवर जातो. विमा नसेल तर नाक्यावर अडवतात आणि हप्ता चुकला तर बँकेचा माणूस दारात येतो. राहता राहिली देखभाल. नोझल आज केला नाही म्हणून गाडी उद्या बंद पडत नाही. ती धूर सोडत चालत राहते.

आता येणे बाजू पाहा. भाडे बहुतेक टनावर ठरते. समजा, नऊ टनांची परवानगी असलेल्या गाडीत बारा टन भरले. ड्रायव्हर तोच, टोल तोच, परतीचा रिकामा प्रवास तोच. थोडे डिझेल आणि टायरची झीज एवढाच जादा खर्च. वरच्या तीन टनांचे भाडे जवळजवळ निव्वळ नफा. सगळेच असे भरू लागले की बाजारभाव तेवढ्यावर खाली येतो, आणि मग कायद्याने नऊ टन भरणाऱ्याला हप्ता फेडणे जड जाते. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची भारमर्यादा वाढवली. पण मर्यादेवर चढवायची सवय लागलेली असेल तर नव्या मर्यादेवरही चढवता येते. ओझे वाढले की चढावर ताकद हवी, ताकदीसाठी पंपाचा स्क्रू, आणि स्क्रूमागे धूर. त्या मालकाचे वाक्य चुकीचे नव्हतेच. त्याची गाडी खरोखर धुराच्या बळावर चढत होती.

आपल्याकडे धुराविरुद्धचा प्रचार वर्षानुवर्षे एकाच मुद्द्यावर चालला : धूर म्हणजे वाया गेलेले डिझेल, म्हणजे तुमचाच तोटा. मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. अगदी काळ्या धुरातही काजळीचे वजन डिझेलच्या मानाने थोडे असते, शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. बिघडलेल्या फवाऱ्यामुळे ॲव्हरेज उतरते, तो तोटा याहून मोठा असतो. काजळी ऑइलमध्ये उतरून रिंगा-लायनर झिजवते, तो तोटा आणखी मोठा. पण तो दोन-तीन वर्षांनी दिसतो. तोपर्यंत गाडी विकलेली असते. तीन टनांचे भाडे मात्र आज रात्री हातात पडते. ‘स्वतःच्या फायद्यासाठी धूर थांबवा’ हे सांगणे त्यामुळे मालकाच्या गळी उतरत नाही. त्याचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

आणि गाडी विकली जाते ती कोणाला? मोठ्या वाहतूकदाराकडून मध्यमाला, मध्यमाकडून लहान्याला, आणि शेवटी ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली अशा एखाद्या ड्रायव्हरला. तो खासगी फायनान्सवाल्याकडून चढ्या व्याजाने पैसे उचलतो. गाडी सगळ्यांत थकलेली, व्याज सगळ्यांत जास्त, भाडे सगळ्यांत कमी. देखभालीचा रकाना त्याच्याकडे कोराच असतो. धूर आणि गरिबी एकाच गाडीत बसून प्रवास करतात, ते असे.

खर्च जातो कुठे?

बँकेत एक साधा नियम असतो. कोणत्याही व्यवहारात खर्च नाहीसा होत नाही. एका खात्यावरून काढला तर दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर पडतो. नोझलचे टाळलेले पैसे कोणाच्या खात्यावर पडतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला ‘माणसात कर्करोग घडवणारा’ या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की नाकातल्या केसांना आणि घशाला ते अडत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरतात. दमा बळावणे, श्वासनलिकेचे विकार, हृदयविकार यांच्याशी त्यांचा संबंध आहे. म्हणजे खर्च पडतो तो चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या खात्यावर, सिग्नलला फुले विकणाऱ्या बाईच्या, रस्त्याला लागून असलेल्या शाळेतल्या पोरांच्या, आणि सर्वांत आधी त्याच ट्रकमध्ये झोपणाऱ्या ड्रायव्हर-किन्नरच्या. यांपैकी कोणीही त्या तीन टनांच्या भाड्यात भागीदार नसतो. त्यांच्या नावे टाकलेल्या खर्चाची पावतीही त्यांना कधी मिळत नाही.

यात एक दिलाशाची बाजू आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने काजळीला पृथ्वीच्या तापमानवाढीतही कार्बन डायऑक्साइडच्या खालोखालचे स्थान दिले. पण कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत राहतो, काजळी काही दिवसांत खाली बसते. धूर आज थांबला तर त्याचा गुण याच महिन्यात येतो. इतक्या लवकर फळ देणारी कामे सार्वजनिक जीवनात फार नसतात.

कायदा, कोर्ट आणि नवी इंजिने

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिझेल वाहनांच्या उत्सर्जनावर आपल्याकडे १९९२ साली पहिल्यांदा ठोस मर्यादा आल्या. त्या सुमारास डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. गंधकाने धुरातले कण वाढतात आणि धूर गाळणारी आधुनिक यंत्रे निकामी होतात. हे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरत १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा भागांवर आले. हजार पटींची ही उतरण फारशी गाजावाजा न होता झाली.

यामागे न्यायालयांचा रेटा मोठा होता. एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीच्या सगळ्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. त्यासाठी ३१ मार्च २००१ ची मुदत होती. टोलवाटोलवी, रांगा, गोंधळ सगळे झाले, पण २००२ अखेर दिल्लीच्या बस बदलल्या. मुंबईतही धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या मंचाने १९९९ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या डिझेल टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. २०१७ मध्ये बीएस-३ आणि २०२० मध्ये बीएस-४ गाड्यांची विक्री बंद झाली ती न्यायालयाने दिलेल्या तारखांना.

बीएस-६ इंजिन ही वेगळीच चीज आहे. जिथे जुना नोझल दोनशे बारला उघडत असे तिथे कॉमन रेलमध्ये दीड-दोन हजार बारचा दाब असतो आणि किती डिझेल कधी सोडायचे हे संगणक ठरवतो. धुराड्याच्या वाटेवर चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती नव्वद टक्क्यांहून जास्त काजळी अडवते आणि ठरावीक वेळाने सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकते. तिला डीपीएफ म्हणतात. अशा गाडीतून काळा धूर दिसला तर एक तर जाळी फुटली आहे, नाहीतर कोणीतरी ती काढून टाकली आहे.

काढून टाकतात, हे खरे आहे. रोज तीन-चार किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांची जाळी तापतच नाही, चोंदते, दिवा लागतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकाला घाम फुटतो. मग एखादा हुशार मेकॅनिक जाळी पोकळ करून देतो आणि संगणकाला गप्प करतो. पंपाचे सील तोडण्याचीच ही नवी आवृत्ती. फक्त इथला मालक बहुधा सुशिक्षित, मोटारवाला असतो. त्याने करायचे ते सोपे आहे : दिवा लागला की गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग वीस-तीस मिनिटे चालवावी, कमी राख सोडणारे सांगितलेलेच ऑइल घालावे, आणि गावातल्या गावातच फिरायचे असेल तर डिझेल मोटार घेऊ नये.

तपासणारा आणि तपासला जाणारा

जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे उपाय आहे पीयूसी. चाचणी अशी : इंजिन गरम करायचे, गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबायचा, आणि धूर किती प्रकाश अडवतो ते मीटरवर पाहायचे. जुन्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची, म्हणजे ठरावीक लांबीच्या नळीत शंभरातला पासष्ट भाग प्रकाश अडला तरी पास. बीएस-४ साठी ती ५० आहे. यात दोन उणिवा आहेत. गाडी रिकामी आणि उभी असताना चाचणी होते. घाटात बारा टनांनी वाकलेली गाडी काय ओकते ते इथे दिसत नाही. दुसरी उणीव माणसांची. ॲक्सिलरेटर अर्धाच दाबला, नळी नीट आत घातली नाही, की पाहिजे तो आकडा मिळतो. तपासणाऱ्याची रोजी तपासून घेणाऱ्याच्या फीवर चालते. जो खातेदारच आपला हिशेबतपासनीस निवडतो आणि त्याला पैसे देतो, त्याच्या ताळेबंदावर कोणती बँक डोळे मिटून कर्ज देईल?

कायद्यात दात नाहीत असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उत्सर्जनाचा नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. जादा ओझ्याला वीस हजार आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार. पण धुरामागच्या पैशाला हात घालणे किती जोखमीचे असते, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला इंधन भेसळीचा अड्डा पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्या काळी रेशनचे रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात मोठी तफावत होती आणि तिच्यावर एक काळा बाजार पोसला जात होता. रॉकेल स्वतः फारसा धूर करत नाही. पण ते पातळ असते. डिझेल पंपाचे आणि नोझलचे भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. रॉकेलने ते झिजतात आणि झिजलेला पंप पुढची कित्येक वर्षे धूर ओकतो. भेसळ करणारा पैसे घेऊन गेलेला असतो, मालकाला कारणही कळत नाही.

खाते जुळवायचे तर

याच्या उलट उदाहरण आपल्या एसटीचे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेत दहा लिटरमागे किती किलोमीटर, म्हणजे ‘केपीटीएल’, हा डेपोतला रोजचा विषय असतो. एसटीच्या गाड्या धूर सोडतच नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्या खिशातून डिझेल जाते तोच नोझल दुरुस्त करतो, गाडी पाच वर्षांनी दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा विचार नसतो, आणि वर्कशॉप घरचे असते. त्यामुळे नोझलचा खर्च निदान योग्य खात्यावर पडतो. एकट्या ट्रकवाल्याला हे कसे मिळेल, हा खरा प्रश्न आहे.

काही गोष्टी करण्यासारख्या आहेत. ओझे रस्त्यावर मोजण्यापेक्षा जिथे भरले जाते तिथे, म्हणजे सिमेंट कारखान्याच्या, साखर कारखान्याच्या, खाणीच्या फाटकावर मोजावे. काटा तिथे असतोच. पावतीवर आकडाही असतो. कायद्यात ‘नेण्यास लावणारा’ही दोषी आहे, तेव्हा दंडाची पावती माल भरणाऱ्याच्याही नावे फाटावी. पीयूसीच्या केंद्रांवर फिरती, अचानक फेरतपासणी हवी, आणि चढाच्या माथ्यावर भरल्या गाडीची वेगळी चाचणी. बँकांनी नवा ट्रक घ्यायला जसे कर्ज दिले, तसे जुन्या ट्रकचे इंजिनकाम, पंप आणि नोझल यांसाठी छोटे, कमी व्याजाचे कर्ज द्यावे. ज्या गाडीवर आपले तारण आहे तिचे आयुष्य वाढणे बँकेच्याही हिताचे आहे. आणि मोठ्या कंपन्यांनी, महापालिकांनी वाहतुकीचे कंत्राट देताना सर्वांत कमी दराच्या जोडीला गाडीची स्थितीही पाहावी. कचरा नेणारी गाडीच गल्लीभर काजळी पसरत असेल तर तिला स्वच्छतेची गाडी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

राहता राहिलो आपण, म्हणजे काच वर घेणारे. आपला या व्यवहाराशी संबंध नाही असे वाटते, पण घराचे बांधकाम काढले की आपण वाळूचा, खडीचा भाव ब्रासवर ठरवतो आणि शंभर रुपये कमी करणाऱ्याला काम देतो. एका ब्रास वाळूचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. डंपरमध्ये किती ब्रास आले हे आपण मोजतो. त्या डंपरला किती न्यायची परवानगी आहे हे कधी विचारत नाही. सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, मुलांना न्यायला शाळेची बस येते. तिचा धूर दिसला तर शाळेच्या सभेत एक प्रश्न विचारता येतो : या बसचा नोझल शेवटचा कधी तपासला? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आजवर नोझलचे हे पैसे आपल्याच मुलांच्या खात्यावर पडत आले आहेत, आणि खातेदाराला आपले खातेउतारे मागण्याचा हक्क असतो.